सह्याद्रीत उघड्यावर हॅम स्टेशन: तार, काठी, बॅटरी आणि कातळ

मेसकाठी

हॅम (म्हणजे हौशी रेडिओ) परीक्षेच्या धाग्यावर बऱ्याच जणांचं एकच रडगाणं होतं: परवाना आला, कॉलसाइन (हवेवरचं आपलं नाव) आलं, पण सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

उत्तर सोपं आहे. गच्ची मिळत नसेल तर डोंगर आपलाच आहे. स्टेशन पाठीवर टाका आणि बाहेर पडा. आंतरजालावर यावर ढिगानं माहिती सापडते, पण ती लिहिलीय अमेरिकेतल्या पार्कांसाठी, नाहीतर आल्प्ससाठी. तिकडे खुंटी ठोकली की जमिनीत जाते आणि बसायला लाकडी टेबल असतं. आपल्याकडे खाली जांभा नाहीतर काळा कातळ, झाड म्हटलं तर करवंदीची जाळी, आणि काठी उभी राहायच्या आत "काय ओ, टॉवर टाकताय का?" विचारायला माणसं हजर. त्यामुळे हे सगळं आपल्या मातीत, म्हणजे आपल्या दगडात, बसवून सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. शहरात ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) रेडिओ लावला की एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, कायम सात-आठवर चिकटलेला असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्ट, शेजारच्यांचा सोलर इन्व्हर्टर, सगळे मिळून गोंधळ घालतात. पठारावर जाऊन तोच रेडिओ लावा; काटा एक-दोनवर येतो आणि घरी कधी कानावर न पडलेली स्टेशनं ऐकू येतात. मात्र उंची आहे म्हणून कुठलाही डोंगर धरू नका. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते हे खरं, पण टीव्हीच्या मनोऱ्याशेजारी बसलात तर हँडी (हातातला छोटा सेट) बहिरी होते. चाळकेवाडीचं पठार सुरेख आहे, पण पवनचक्क्यांच्या ओळीपासून आणि त्यांच्या तारांपासून लांब सरका. आणि कास सप्टेंबर-ऑक्टोबरात अजिबात नको. फुलांवर कोॲक्स (अँटेनेची केबल) ओढत नेणाऱ्याला मी हॅम म्हणणार नाही.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, तार. रेडिओवर पन्नास हजार घालायच्या आधी तारेवर पाचशे रुपये आणि एक रविवार घाला. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याला मी एकच अँटेना सांगतो: ४० मीटर बँडचा डायपोल (दोन सारख्या बाजूंची तार, केबल मध्यावर जोडलेली), मधोमध उंच आणि दोन्ही टोकं खाली, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. हिशोब असा: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा. ७.१ साठी एकूण लांबी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटर आणि वर थोडंसं. वायरिंगच्या दुकानातली ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर चालते. प्लास्टिकचं वेष्टण असल्यामुळे आणि टोकं खाली उतरल्यामुळे प्रत्यक्षात ती दोन-चार टक्के आखूड लागते. तरी कापताना १०.४ च ठेवा आणि टोकाला दुमडून घ्या. कापलेली तार परत वाढत नाही.

काठी ७ मीटर, टोकं जमिनीपासून २ मीटरवर. दहा मीटरची बाजू पाच मीटर खाली उतरते, म्हणजे वरचा कोन बरोबर १२० अंशांचा होतो. जमिनीवर जागा लागते साडेसतरा मीटर आणि वर दोऱ्या. एवढी सपाटी कुठल्याही माचीवर मिळते.

आता कोणी म्हणेल, ४० मीटरच्या तरंगाला ७ मीटर उंची म्हणजे काहीच नाही. बरोबर, आणि तेच आपल्याला हवंय. इतक्या खाली असलेला डायपोल जवळजवळ सगळी शक्ती सरळ वर आभाळात फेकतो. तिथून ती आयनांबरावरून (आयनोस्फिअर, वातावरणाचा वरचा थर) परत खाली येते आणि चारही बाजूंना तीन-चारशे किलोमीटरवर शिंपडल्यासारखी पडते. साताऱ्याहून रत्नागिरी हवाई अंतरानं शंभर-सव्वाशे किलोमीटर. व्हीएचएफ (सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींच्या) हँडीनं बोलायला गेलात तर मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. वरून उडी मारून येणाऱ्याला डोंगराचं काय! दिवसा आपल्या अक्षांशांवर आयनांबर ७ मेगाहर्ट्झ सहसा सरळ परत पाठवतं. संध्याकाळनंतर ती ताकद कमी होते, जवळची स्टेशनं विरतात आणि लांबची उगवतात. म्हणून सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंतचा वेळ महाराष्ट्रासाठी.

तिसरी गोष्ट, काठी उभी कशी करायची. बाहेरून मागवलेली फायबरची दुर्बिणकाठी हलकी असते, पण महाग. मी माझ्या नावाप्रमाणे मेसच (बांबू) वापरतो, तीन तुकड्यांत, सांध्याला पीव्हीसी पाइप. पायी लांब जायचं नसेल तर उत्तम. खुंट्यांचा मात्र नाद सोडा. जांभ्यात खुंटी वाकते, कातळात ती मुळात जातच नाही. सिमेंटच्या तीन रिकाम्या गोण्या घडी करून न्या, वर गेल्यावर सुट्या दगडांनी भरा, काठीभोवती १२० अंशांवर ठेवा आणि ताणदोऱ्या त्यांना बांधा. उतरताना दगड होते तिथे परत. किल्ल्यावर असाल तर तटाचा, जोत्याचा, पायरीचा एकही दगड हलवायचा नाही. तो घडीव नसला तरी नाही.

बॅटरी: लिथियम आयर्न फॉस्फेट, १२ अँपिअर-अवर. वीस वॅटचा रेडिओ ऐकताना अर्धा-पाऊण अँपिअर घेतो, बोलताना सरासरी तीनेक. चार तासांत एक तास बोललात (एवढं बोलणारे आपल्यात आहेत, नावं घेत नाही) तरी पाच अँपिअर-अवरच्या आसपास भागतं. यूपीएसमधली ७ अँपिअरची शिशाची बॅटरी फुकट मिळते म्हणून न्याल, पण तिचं वजन दोन किलोच्या वर आणि कामाला येते निम्मी.

कागदपत्रं. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. दुसऱ्या जागेवरून चालवायचं तर त्यातलं स्थानबदलाचं कलम वाचा आणि डब्ल्यूपीसीला (परवाना देणारं केंद्र सरकारचं खातं) आधी लेखी कळवा. त्याची प्रत आणि परवान्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. वनखात्याची हद्द असेल तर त्यांचीही परवानगी. विमानतळ, लष्करी हद्द, धरणाची भिंत यांच्या आसपास फिरकूच नका.

बाकी विचारा, सांगतो.

---

ट्रेकवेडा

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: आमच्या ग्रुपला फक्त पुढच्या-मागच्या माणसाशी बोलायचंय. ऑनलाइन दीड-दोन हजारात चिनी वॉकीटॉकी मिळतात. त्यासाठी परीक्षा वगैरे द्यावी लागते?

---

मेसकाठी

@ट्रेकवेडा, त्या दीड-दोन हजारवाल्या सेटवर नुसता हॅम बँडच नव्हे, पोलीस-अग्निशमनवाले वापरतात तो भागही उघडतो. परवान्याशिवाय तो सेट हातात असणं हाच गुन्हा. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना अशा सेटच्या विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या त्या उगीच नाहीत. तुम्हाला हवं आहे ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधलं. कमी शक्तीच्या मंजूर सेटना तिथे २०१८ पासून परवाना लागत नाही. खोक्यावर त्याच पट्ट्याचा आणि मंजुरीचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. धारेवर दोन-तीन किलोमीटर आरामात. मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं.

---

कोल्हापुरी_अँपिअर

नाद खुळा धागा! पण भावा, सगळ्यात मोठी गोष्ट विसरलास. आग्या मोहोळ.

झाड दिसलं की पोरं लगेच गलोलीनं नाहीतर दगडाला दोरी बांधून फांदीवर तार टाकायला बघतात. फेकायच्या आधी दोन मिनिटं झाडाखाली गप उभं राहून वर बघायचं. नुसतं झाड नव्हे, मागचा कडाही. दगड चुकून कपारीवर गेला आणि तिथं पोळं असलं तर रेडिओ, बॅटरी, मित्र सगळं टाकून पळायची पाळी येते. अत्तर, धूर, शेकोटी काय बी नको.

दोरी टाकायची असलीच तर आधी मासेमारीची तंगूस, पुढं नटबोल्टाचं वजन. ती फांदीवरून खाली आली की तिला बारीक नायलॉन दोरी बांधायची, मग तार. एकदम जाड दोरी फेकायला गेलं की फांदीत अडकून बसते. आणि आसपास विजेची तार असंल तर त्या झाडाचा विचारच सोडायचा. अकरा हजाराची लाइन झाडीत दिसत नाही. आधी खांब कुठनं कुठं गेलेत ते बघायचं, मगच काठी उचलायची.

आमच्याकडं मसाई पठारावर वारा असा सुटतो की सात मीटरची मेस धनुष्य होते. ताणदोऱ्या एकाच उंचीवर नको. तीन शेंड्याच्या जरा खाली आणि तीन मधल्या सांध्याला. डायपोलच्या दोन बाजूंना ताणदोऱ्या समजू नका, त्यांना फक्त तार तोलू दे.

अजून एक. तारेत जोड ठेवायला मोटरसायकलच्या वायरिंगमधले बुलेट कनेक्टर (दाबून बसणारे जोड) घ्या. ऑटो इलेक्ट्रिशियनकडं पाच-दहा रुपयाला जोडी. मधून पाच मीटरवर जोड ठेवला, तिथं तार सोडली की २० मीटर बँडचा डायपोल, जोडली की ४० चा. ट्यूनरची (अँटेना जुळवायच्या डब्याची) कटकट नाही.

---

डोंगरी_परदेशी

इंग्लंडहून लिहितोय. धागा वाचून घरची आठवण आली, पण डायपोलबद्दल थोडा वाद घालतो.

इथे लेक डिस्ट्रिक्टमध्ये मी 'समिट्स ऑन द एअर' या उपक्रमासाठी डोंगर चढतो. २००२ मध्ये ब्रिटनमध्येच तो सुरू झाला. नियम थोडक्यात: शिखरापासून उभ्या उंचीत २५ मीटरच्या आत स्टेशन हवं, शेवटची चढण पायी, सामान स्वतः वाहून न्यायचं, वीज बॅटरीची किंवा सूर्याची, डिझेल-पेट्रोलचा जनरेटर बाद. चार वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलणं झालं की गुण मिळतात. 'पार्क्स ऑन द एअर'ला दहा संपर्क लागतात, पण तिथे गाडीत बसून केलं तरी चालतं.

मुद्दा असा की शिखरावर सतरा मीटरची सपाटी कुठून आणायची? मी टोकाकडून फीड केलेली अर्ध्या तरंगाची तार वापरतो. वीस मीटरची एकच तार, एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, फेराइटच्या कड्यावर दोन आणि चौदा वेढे. तेवढ्यावर ४०, २०, १५ आणि १० असे चार बँड मिळतात. एक काठी, एक तार, दहा मिनिटांत हवेत. इथल्या पावसात दहाच मिनिटं हातात असतात म्हणा.

---

मेसकाठी

@डोंगरी_परदेशी, वाद मान्य. कळसूबाईच्या माथ्यावर देवळाशेजारी मीही डायपोल पसरणार नाही. पण नवशिक्याला ही तार देताना एक सांगायला हवं. तिचा प्रवाह परतीची वाट कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीतूनच शोधतो. मग माइक ओठाला लागला की चटका, बोललं की ऑडिओत घरघर, आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलीय याचं माप, १ म्हणजे उत्तम) तर कोॲक्स हलवली की बदलतो. रेडिओपाशी कोॲक्सचे दहा-बारा वेढे फेराइटवर घेऊन चोक केला की हे आटोक्यात येतं. चोक कसा करायचा हे ज्याला कळतं त्यानं ती वापरावी. डायपोल नवशिक्याच्या चुका पोटात घालतो, एवढंच माझं म्हणणं.

आणि तारेच्या टोकाला व्होल्टेज बऱ्यापैकी असतं. वीस वॅटलाही बोट लावलं तर पांढरा डाग पडतो. आपल्याकडे बघ्यांची पोरं तारेला लोंबकळायला बघतात, म्हणून टोकं दोन मीटरच्या खाली कधीच नको. दोऱ्यांना लाल फडकी बांधा.

---

शंकेखोर

सगळं छान, पण खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? "आपत्तीत उपयोगी पडतं" हे वाक्य हॅमवाले दर धाग्यात टाकतात. आपल्या फोरजीच्या काळात खरंच कोणाला पडलंय उपयोगी?

---

जुना_सूर

शंकेखोरांना उत्तर देतो, मग धाग्याकडे वळतो.

डिसेंबर २००४. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचा चमू भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) यांच्या पुढाकारानं पोर्ट ब्लेअरला गेला होता. उद्देश सेवाबिवा काही नाही, शुद्ध हौस. अंदमान हवेवर दुर्मीळ, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला रांग लावून होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी. बेटांचे फोन गेले. अँटेना आधीच उभ्या होत्या, माणसं दिवसरात्र त्याच रेडिओंवर बसलेली होती. त्याच स्टेशनावरून मुख्य भूमीला निरोप जायला लागले, कोण सुखरूप आहे आणि कशाची गरज आहे ते. नंतर निकोबारलाही स्टेशन नेलं. २००१ च्या भूज भूकंपातही हॅम असेच गेले होते.

यात लक्षात घ्यायचं ते हे की उपयोग झाला तो हौसेचा. कपाटात ठेवलेला रेडिओ संकटाच्या दिवशी काढून काही होत नाही. बॅटरी उतरलेली, तारेचं टोक तुटलेलं, कुठल्या वेळी कुठला बँड चालतो याचा पत्ता नाही. मेसकाठींसारखी दर सुट्टीला डोंगरावर जाऊन दोऱ्यांशी झटणारी मंडळीच त्या दिवशी अर्ध्या तासात हवेवर येतात. फोरजीचा मनोरा बॅटरीवर काही तास चालतो, नंतर त्यालाही डिझेल लागतं, आणि रस्ता वाहून गेलेला असतो.

आता धाग्याबद्दल. मेसकाठी, एक गोष्ट अर्धवट सांगितलीत. पठारावर गोंगाट कमी, म्हणून *तुम्हाला* सगळे ऐकू येतात. समोरचा बिचारा नागपुरात नाहीतर ठाण्यात चार्जरांच्या गराड्यात बसलेला आहे. त्याच्याकडे काटा आठवरच आहे आणि तुमचे पाच वॅट त्याला त्यातून उपसायचे आहेत. शंभर वॅटवरून पाचवर आलात की १३ डेसिबल गेले, म्हणजे एस-मीटरवर दोन घरं. फार नाही, पण गोंगाटाच्या काठावर असलेल्याला तेवढंच बुडवायला पुरे. त्यामुळे "मला ऐकू येतोय, मग तो उत्तर का देत नाही" म्हणून चिडू नका. कॉलसाइन सावकाश, दोनदा द्या.

किंवा मोर्स शिका. पाच वॅटचं मोर्स पाच वॅटच्या आवाजाच्या किती तरी पुढे जातं, कारण सगळी शक्ती एका बारीक पट्टीत जाते आणि कानही त्या पट्टीत गाळणी लावून ऐकतो. जनरल ग्रेडच्या (वरच्या) परवान्याला मोर्स लागतं म्हणून शिव्या देणारे पुष्कळ आहेत. डोंगरावर एकदा ७.०३० वर बसून बघा, शिव्या थांबतील.

रेडिओ महाग म्हणून थांबलेल्यांसाठी: हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचा बिटेक्स रेडिओ घ्या नाहीतर स्वतः बांधा. मूळ आराखडा मुद्दाम असा की भाग गल्लीतल्या दुकानात मिळावेत. त्यातल्या कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरले होते. परदेशातल्या लोकांना आधी हसू आलं, नंतर त्यांनीही तेच बांधले. नंतरचा मायक्रोबिटेक्स ३ ते ३० मेगाहर्ट्झ चालतो आणि दहाएक वॅट देतो. आवाज गोड आहे. खोकं मात्र धूळ-पाण्यापासून तुम्हीच सांभाळायचं.

कोॲक्सबद्दल कोणी बोललं नाही. वजन वाचवायला बारीक आरजी-१७४ केबल नेता, ठीक, पण दहा मीटरला ४० मीटर बँडवर साधारण एक डेसिबल तिथेच जातो. २८ मेगाहर्ट्झवर त्याहून बरंच जास्त. पायी जाणाऱ्यानं सोसावा, गाडीनं जाणाऱ्यानं जाड आरजी-५८ च न्यावी.

७३ (म्हणजे हॅमांचा रामराम).

---

शंकेखोर

अंदमानचं माहीत नव्हतं. शंका मागे घेतो, आयडी तसाच ठेवतो. :)

---

रानजाई

वायएल (हॅमांच्या भाषेत बाई) हजर! रत्नागिरीकर. घाटावरच्यांनी डोंगर घेतला, मी समुद्र घेते.

आमच्याकडे अँटेनेला ओल्या वाळूसारखं अर्थिंग फुकट मिळतं आणि त्याचं कोणाला कौतुक नाही. २० मीटर बँडची पाव तरंगाची उभी तार म्हणजे जेमतेम ५ मीटर. आंबे काढायची ॲल्युमिनियमची लांब काठी असते ना, तिच्या शेंड्याला दीडेक हात नायलॉन दोरी बांधून तिनं तार टांगायची. काठीलाच तार चिकटवली तर धातू आहे, सगळं बिघडतं. मेस असेल तर हा प्रश्न नाही. खाली पाच-पाच मीटरच्या चार तारा ओल्या वाळूवर पसरायच्या. खाऱ्या पाण्याच्या काठावर उभी अँटेना क्षितिजाला चिकटून फेकते, म्हणजे मेसकाठींच्या डायपोलच्या बरोबर उलट. जवळचं काही ऐकू येत नाही, पण संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून युरोप असा येतो जसा काही शेजारच्या पावस गावाहून बोलतोय. सूर्यावरच्या डागांचं हे पंचविसावं चक्र जोरात होतं तेव्हा १० मीटरवरही दुपारनंतर पाच वॅटला बोलावणी येत होती.

दोन सावधगिऱ्या. भरतीचं वेळापत्रक बघून बसा. ओहोटीच्या नादात लोक पुढे पुढे सरकतात आणि मग बॅटरी पाण्यात. आणि किनारा म्हणजे संवेदनशील भाग. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी जाऊन, चहा पिऊन, परवाना दाखवून या. काठीवर तार आणि हातात माइक घेतलेलं माणूस दिसलं की गावातला कोणीतरी फोन करतोच, आणि त्यानं तो करावाही. पोलीस पाटलांना आधीच माहीत असेल तर तेच येऊन बसतात आणि "मुंबईचा लागतो काय बघ" म्हणतात.

सड्यावर बसणार असाल तर पायाखाली बघा. उक्षी, बारसू, कशेळी या पट्ट्यात जांभ्यावर कातळशिल्पं आहेत, आणि अजून कितीतरी मातीखाली असतील. तिरप्या उन्हातच रेषा दिसतात. भर दुपारी तुम्ही कोरलेल्या हत्तीच्या पाठीवर गोणी ठेवून बसाल आणि कळणारही नाही. सकाळी लवकर एक फेरी मारून मगच सामान उतरवा.

---

वऱ्हाडी_टॉवर

अकोल्याहून. @मेसकाठी, तुमचा सकाळचा सिग्नल मी ऐकून राहिलो असतो ना भाऊ! साताऱ्याहून अकोला साडेचारशेच्या घरात. सकाळी आठ-नऊला पाच-सात (शब्द पाचपैकी पाच स्पष्ट, काटा सातवर) येता, दुपारी बारा-एकला जरा खाली जाता. आयनांबराचा खालचा डी थर गिळून घेते, उन्हाळ्यात अजूनच. तवा आम्हाले ऐकवायचं असन तर उशिरा पोहोचू नका गडावर.

आमच्याकडे डोंगर बेताचे, ऊन मात्र बेसुमार. मे महिन्यात काळा रेडिओ उन्हात ठेवला की हात लावता येत नाही आणि तो स्वतःच शक्ती कमी करून बसते. छत्री माणसावर नाही, रेडिओवर धरा. बॅटरीही सावलीत. सोलर पॅनेलचा कंट्रोलर स्वस्तातला घेतला तर तोच अख्ख्या ४० मीटरवर किरकिर करते. मी ऐकताना पॅनेल काढूनच ठेवतो.

आन् एप्रिल-मे, ऑक्टोबरच्या दुपारी ढग दाटले की गुमान तार उतरवा. गडगडाट ऐकू यायच्या आधीच रेडिओत खरखर चालू होते, तेच तुमचं भोंगं. ढग नसूनही वारा कोरडा असला तर तारेवर स्थिर वीज साठते. कोॲक्स रेडिओला लावायच्या आधी तिचं मधलं टोक बाहेरच्याला टेकवून घ्यायचं.

---

नवा_व्हीयू३

खूप दिवस नुसता वाचत होतो, आता आयडी घेतला. तार बनवली, १०.४ च्याच बाजू ठेवल्या. गावाबाहेरच्या माळावर ७ मीटरवर उभी केली. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) एसडब्ल्यूआर ७.१ ला चारच्या वर! ६.७५ ला मात्र १.३. तारेत काही दोष आहे का? बॅलन (मध्यावर केबल आणि तार जुळवणारा तुकडा) बदलू?

---

मेसकाठी

अभिनंदन, तार उत्तम बनलीय. बॅलनला हात लावू नका.

६.७५ ला खड्डा आहे म्हणजे तार लांब आहे, बस. आहे ती लांबी गुणिले ६.७५ भागिले ७.१. १०.४ चे होतात ९.८९. म्हणजे प्रत्येक बाजू साधारण अर्धा मीटर कमी करा. कापू नका, टोक त्याच तारेवर उलटं दुमडून तीन ठिकाणी चिकटपट्टी लावा. दोन्ही बाजू सारख्याच. मग परत वर चढवून मोजा. ७.०५ ते ७.१५ मध्ये दीडच्या आत आला की सोडून द्या, १.० च्या मागे लागून दिवस घालवू नका.

आणि मोजताना काठी पूर्ण उभी, टोकं त्यांच्या उंचीवर, तुम्ही तारेपासून लांब. माणसं खांद्याच्या उंचीवर तार धरून मोजतात आणि वर नेल्यावर आकडा बदलला म्हणून घाबरतात.

---

कोल्हापुरी_अँपिअर

आणि दुमडलेल्या टोकाला दोरी बांधताना तार इन्सुलेटरमधून परत फिरवून घे रे. नुसत्या चिकटपट्टीवर ताण दिलास तर वाऱ्यात अर्ध्या तासात सुटतंय. इन्सुलेटर म्हणजे कंड्युट पाइपचा बोटभर तुकडा, दोन भोकं. विकत घ्यायचं काम नाही.

---

नवा_व्हीयू३

दुमडली. ७.०८ ला १.२ आला!! रविवारी सकाळी कोणी असेल का हवेवर?

---

वऱ्हाडी_टॉवर

आठपासून ७.१०० च्या आजूबाजूले ऐकतो. तिथं कोणी बोलत असन तर पाच किलोहर्ट्झ खाली-वर शोधा. आधी "फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का" विचाराचं, मग सीक्यू (सगळ्यांसाठी हाक).

---

जुना_सूर

मीही. लॉगमध्ये (संपर्कांच्या वहीत) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत लिहा, आपले आठ म्हणजे ०२३०.